रामदास मेश्राम कोच तपासून घेतो

मंदाकिनी लिमये यांनी पहिला प्रश्न विचारला, उत्तर ऐकून घेतलं आणि त्या गप्प बसल्या. खराडीच्या त्या आठव्या मजल्यावरच्या मीटिंग रूममधून समोर दोन इमारतींचे पाये खणलेले दिसत होते. बाई गप्प बसल्या तेव्हा तिथे नुसते खड्डे होते. बाई गप्पच राहिल्या. खड्ड्यांतून खांब वर आले, खांबांवर मजले चढले, मजल्यांना काचा लागल्या, आत कंपन्या आल्या, कंपन्यांत माणसं आली, त्यांची पार्किंगवरून भांडणं झाली, ती मिटली, एक कंपनी बुडून तिच्या जागी दुसरी आली, तरी बाई गप्पच. या बैठकीला जाताना रामदास मेश्रामचे केस काळे होते आणि बाहेर आला तेव्हा पांढरे होते, असं त्याच्या टीममधली मुलं नव्यानं आलेल्यांना पुढे कित्येक महिने शपथेवर सांगत.

भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे जेमतेम मिनिट झालं होतं. पण उत्तर दिलं की समोरचा माणूस काहीतरी बोलतो, निदान मान हलवतो, चहा मागवतो, एवढी जगाची रीत रामदासला ठाऊक होती. ही बाई त्याचं उत्तर टेबलावर तसंच ठेवून त्याच्याकडे बघत होती. फळवाल्यानं दिलेला आंबा परत त्याच्याच हातात ठेवून "हाच द्यायचा होता ना?" असं विचारावं, तशी. रामदासला घाम फुटला. एसी चालू होता, आणि तो नीट चालतो हे त्यानं स्वतः बसण्यापूर्वी तपासलं होतं.

सर्वांत मोठा धक्का असा, की परीक्षा घ्यायला आला होता तो. बाई द्यायला आल्या होत्या.

रामदास नागोराव मेश्राम, राहणार वारजे, नोकरी खराडी. पुण्याच्या नकाशावर ही दोन ठिकाणं एकमेकांपासून जितकी लांब ठेवता येतील तितकी ठेवलेली आहेत, त्यामुळे त्याच्या आयुष्यातला विचार करण्याचा सगळा वेळ कंपनीच्या बसमध्ये जाई. नागपूरहून तो पुण्यात आला तेव्हा सॉफ्टवेअरच्या कंपन्या एरंडवण्यातल्या बंगल्यांच्या वरच्या मजल्यांवर असत आणि खाली मालकीणबाई वाळवणं घालत. त्या काळापासून त्याचं काम एकच. बाकीच्यांनी प्रोग्रॅम लिहायचे आणि रामदासनं त्यांतल्या चुका काढायच्या. याला टेस्टिंग म्हणतात. इतर लोक हे काम पोटासाठी करतात. रामदासला कुणी पगार दिला नसता तरी त्यानं तेच केलं असतं.

प्रियदर्शनीला बघायला तो अमरावतीला गेला होता, तेव्हा पोहे बाहेर येण्याच्या आत त्यानं त्यांच्या बैठकीतला पंखा तीनवर घासतो आणि चारवर घासत नाही हे शोधून मुलीच्या वडिलांच्या कानावर घातलं होतं. मुलगी पसंत आहे, हे सांगायचं मात्र राहून गेलं. ते मागाहून पत्रानं कळवावं लागलं. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत त्याला नावानं ओळखत. साधा चार्जर घ्यायचा तरी तो स्वतःचा मीटर घेऊन जाई. एका दुकानदारानं त्याला शेवटी सांगितलं, "साहेब, तुम्ही पास केलेला माल तेवढा बाजूला ठेवत जा. आम्ही घरी वापरायला नेतो."

हे त्याच्या रक्तातच होतं. वडील नागोराव नागपुरात एका कारखान्याच्या तपासणी खात्यात होते. तयार माल समोर येई, नागोराव बघत, आणि नापास असेल तर त्यावर खडूनं फुली मारत. तरुणपणी छप्पन्न साली दीक्षाभूमीवर उभे होते, त्यानंतर आयुष्यात देव मानला नाही, नवस केला नाही, आणि फुली मारताना साहेब मानला नाही. निवृत्तीनंतर ते वारज्यात मुलाकडे आले. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्यांची खुर्ची असे आणि तिथून ते येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवत. खडू तेवढा हातात नव्हता.

दोन हजार अकरा साली, पावसाळा सरता सरता, रामदासचा साहेब राकेश सबनीस यानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याच्या ऑफिसात डिलिव्हरी हेडची जागा निघत होती. म्हणजे टेस्टिंग, प्रोग्रॅमिंग, सगळ्यांच्या वरची. रामदास तिच्याकडे इतकी वर्षं डोळे लावून बसला होता, की ती आपलीच आहे आणि फक्त पाटी लागायची राहिली आहे, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. प्रियदर्शनीनं तर बहिणीला फोनवर सांगूनही टाकलं होतं.

"रामदास, तुझ्यासारखा टेस्टर पुण्यात नाही," राकेश म्हणाला.

"हैदराबादमध्ये एक आहे," रामदास म्हणाला. वाक्य अचूक असलेलं बरं.

"असेल. पण प्रॉब्लेम असा आहे, की लोक तुला घाबरतात."

रामदासनं मागे वळून बघितलं. राकेश आणखी कुणाशी बोलतोय असं त्याला वाटलं.

"मॅनेजमेंटचं म्हणणं आहे तू एक कोच घ्यावास. एक्झिक्युटिव्ह कोच. मोठ्या पदावर जाणाऱ्या माणसाशी तो महिन्यातून दोनदा बोलतो. फी कंपनी देईल. आपल्याकडे तीन नावं आहेत, तिघांशी एकेकदा बोल, एक तू निवड. दिवाळीच्या आत. कोच नाही घेतलास तर ती जागा मी तुला देऊ शकणार नाही. सॉरी, पण क्लिअर सांगितलेलं बरं."

रामदास जागेवर येऊन बसला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या कामात चुका काढल्या होत्या. त्याच्यात चूक आहे आणि ती रीतसर नोंदली गेली आहे, ही कल्पना त्याच्या डोक्यात मावेना. अर्थात तो टेस्टर होता. कुणी चूक सांगितली की आधी ती खरंच होते का, ते बघायचं. त्यानं पूर्वाला बोलावलं. पूर्वा त्याच्या हाताखालची हुशार, हसतमुख मुलगी. घरी लग्नाचा विषय निघाला की ऑफिसात काम आहे म्हणायची आणि ऑफिसात काम निघालं की ते करून टाकायची.

"पूर्वा, तू मला घाबरतेस?"

"नाही सर."

"खरं सांग."

"खरंच नाही सर. फक्त तुमच्याबरोबर मीटिंग असली ना, की आम्ही आदल्या दिवशी एकदा रिहर्सल करतो."

"कसली?"

"मीटिंगची. राहुल तुम्ही होतो." पूर्वानं थोडा विचार केला. "तो छान करतो सर."

रामदासनं तिला जायला सांगितलं. मग बसमध्ये, खराडीपासून बंडगार्डनच्या पुलापर्यंत, तो राहुलचा विचार करत होता. पुलापासून घरापर्यंत, राहुल आपल्याला कसा करत असेल, याचा.

घरी बातमी ऐकून नागोरावांनी मुलाला खालून वर एकदा न्याहाळलं. मग म्हणाले, "तुह्या हाताखालचे पोट्टे तुले भेतात, हे सांगाले कंपनीले बाहेरचा माणूस लागते का? मले इचारलं असतं."

"बाबा, तो सांगायला नाही. सुधारायला."

"कोणाले?"

"मला."

नागोरावांनी सुनेकडे बघितलं. "ह्याले आम्ही पन्नास वर्सं करून रायलो. ते जमन का त्याले महिन्यातून दोन डावात?"

प्रियदर्शनी सहकार खात्यात अधिकारी होती. तिच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आधीचा संदर्भ लागे. "अहो, ज्यांनी आधी लावलाय त्यांना विचारा ना," ती म्हणाली. "क्लास लावताना विचारतो, डॉक्टरकडे जाताना विचारतो. दुधवाला बदलला तरी आपण खालच्या मजल्यावर विचारून आलो."

हे रामदासला पटलं. त्यानं तिन्ही कोचना कळवलं, की आजवर तुम्ही कुणाकुणाला कोचिंग दिलं त्यांची नावं आणि फोन पाठवा. तिघांचं एकच उत्तर आलं. नावं सांगता येत नाहीत, ते गुप्त असतं. तुमचंही नाव आम्ही कुणाला सांगणार नाही.

रामदास हादरला. पुण्यात माणूस वॉशिंग मशीन घ्यायचं तरी चार घरी जाऊन फिरवून बघतो. इथे आपलं डोकं परक्याच्या हातात द्यायचं, आणि त्यानं आधी कुणाची डोकी हाताळली ते विचारायचं नाही? म्हणजे ह्या मालाला वॉरंटी नाही, गिऱ्हाईक नाही, नमुना नाही. बसमध्ये दोन दिवस विचार करून त्यानं ठरवलं, की आपल्याला जी पद्धत येते तीच वापरायची.

टेस्टिंगचा पहिला नियम असा, की न तपासलेल्या प्रोग्रॅममध्ये खऱ्या माणसाची खरी माहिती घालायची नाही. बँकेचा प्रोग्रॅम तपासायचा असेल तर खरा खातेदार त्यात सोडत नाहीत. एक खोटा खातेदार उभा करतात, त्याला नाव देतात, पैसे देतात, त्याचं खातं गोठवतात, त्याला मारतातसुद्धा. प्रोग्रॅम चुकला तरी कुणाचं काही जात नाही. रामदासनंही तेच करायचं ठरवलं. लोक आपल्याला घाबरतात, राहुल आपली नक्कल करतो, हे खरं दुखणं त्या तिघांसमोर ठेवायचंच नाही. एक खोटं दुखणं तयार करायचं, तिघांनाही तेच सांगायचं, आणि कोण काय करतो ते बघायचं.

शनिवारची सकाळ होती. तो गॅलरीत उभा राहून खोटं दुखणं शोधत होता. स्वयंपाकघरात नागोराव मटणाचा सावजी मसाला भाजत होते. शनिवारी मसाला आणि रविवारी रस्सा हा त्यांचा नेम, आणि त्या वासानं वरच्या मजल्यावरचे बापट खिडक्या लावून घेत. रामदासला फार लांब जावं लागलं नाही. नोकरी सोडून वारज्यात सावजी मटणाचं हॉटेल काढायचंय, पण घरी सांगायची हिंमत होत नाही. हे दुखणं त्याला एकदम पसंत पडलं. सोपं, स्वच्छ, आणि त्याच्याशी काही संबंध नसलेलं.

पहिला कोच फोनवर भेटला. तिशीतला असावा. पहिल्या मिनिटात त्यानं "रामदास" म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या मिनिटात डोळे मिटायला सांगितलं.

"तुम्ही एका शिखरावर उभे आहात. काय दिसतंय?"

"माझे गुडघे दुखतात," रामदास म्हणाला. "मी शिखरावर नसतो."

"इमॅजिन करा. खाली तुमचं हॉटेल आहे. कसं आहे?"

रामदासनं डोळे मिटल्यासारखं केलं. "साधं आहे. सहा टेबलं." एवढं बोलून तो थांबला, कारण त्याला सहा टेबलं खरंच दिसली. "सनमायकाची नकोत. धुता येतील अशी."

कोच म्हणाला, "वंडरफुल, हे तुमचं ड्रीम आहे, जा आणि ते जगा." मग त्यानं हॉटेलवर एकही प्रश्न न विचारता आपल्या शिबिराची माहिती दिली. गिऱ्हाईक किती, भाडं किती, घरी सांगणार कसं, काही नाही. खोटा खातेदार दिवाळखोर झाला तरी हा प्रोग्रॅम वंडरफुलच म्हणणार. रामदासनं मनातल्या मनात फुली मारली.

दुसरे कोच निवृत्त कर्नल होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, रामदास गॅलरीत जाऊन त्यांच्याशी बोलला. बोलला म्हणजे सुरुवातीला थोडा बोलला. मग कर्नलसाहेबांनी सीमेवरची एक हकीकत सांगितली, त्यावरून दुसरी निघाली, आणि दुसरीत एक स्वयंपाकी होता. स्वयंपाक्यावरून गाडी पुन्हा हॉटेलवर आली, तेव्हा रामदासला वाटलं आपला डेटा अपुरा आहे, तो वाढवला पाहिजे. म्हणून त्यानं वाढवला. रस्सा दोन प्रकारचा, एक नागपूरसाठी आणि एक पुण्यासाठी. पुण्याच्या रश्शाला नाव वेगळं द्यायचं नाही, फक्त तिखट कमी, म्हणजे गिऱ्हाइकाची लाज राहते. भाकरी ज्वारीची. गल्ल्यावर बाबा बसतील. मेनूकार्ड नाही. बाबाच सांगतील आज काय खायचं.

"आणि घरी कधी सांगणार?" कर्नलसाहेबांनी तेवढा एक प्रश्न विचारला.

"बायकोला अजून काही माहीत नाही," रामदास म्हणाला.

कर्नलसाहेबांनी त्याला शुभेच्छा दिल्या, उद्घाटनाला बोलवायला सांगितलं आणि फोन ठेवला. रामदासनं वळून बघितलं. गॅलरीच्या दारात प्रियदर्शनी कपड्यांची बादली घेऊन उभी होती.

एकेक कपडा झटकून तिनं दोरीवर वाळत घातला. शेवटचा टॉवेल घातल्यावर म्हणाली, "अहो, शटरला रंग कुठला ठरला?"

रामदासनं तिला खोटा खातेदार समजावून सांगितला. बँकेचं उदाहरण दिलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. असं स्पष्टीकरण तिच्या खात्यात रोज येत असे आणि ती त्यावर 'नोंद घेतली' असं लिहीत असे.

"म्हणजे हे सगळं खोटं."

"पूर्ण खोटं."

"ज्वारीची भाकरीसुद्धा?"

"तीसुद्धा."

"मग बाबांना सांगा. ते मघाच ऐकून खाली गेलेत, वॉचमनला रिकामा गाळा विचारायला."

रामदासला हा त्या आठवड्यातला तिसरा धक्का होता आणि तो सगळ्यांत जोरात बसला, कारण नागोराव परत आले तेव्हा पंच्याहत्तरीचा तो माणूस जिना चढून आल्यासारखा दिसतच नव्हता. "शेवटी अक्कल आली तुले," ते म्हणाले. "चौकात एक गाळा हाय. तुळई खाली हाय म्हणते, पण पाहून तं घे."

"बाबा, ते खोटं होतं."

"काहून?"

"कोच तपासायचा होता."

नागोराव खुर्चीत बसले. "मी एवढे वर्सं तपासणी केली," ते म्हणाले. "पण मटणाचं नाव घेऊन कोणाले फसवलं नाही." त्या दिवशीचा रस्सा त्यांनी मुकाट्यानं वाढला आणि जेवणं होईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. वासावरून तक्रार करायला आलेले बापटसुद्धा ही शांतता बघून परत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसमधून उतरल्यावर रामदास चौकातल्या गाळ्यावरून गेला. वडिलांना उत्तर द्यायचं तर बघून दिलेलं बरं, एवढाच हेतू. गाळ्याच्या मालकानं शटर वर केलं. रामदासनं खिशातून टेप काढून तुळईची उंची मोजली. मग धूर मागच्या बाजूनं काढला तर सोसायटीची तक्रार येणार नाही, हेही बघून ठेवलं. उत्तर पूर्ण असलेलं बरं.

आणि मग गुरुवारी तिसऱ्या कोच, मंदाकिनी लिमये.

बाई पूर्वी चिंचवडच्या एका कारखान्यात कर्मचारी विभागाच्या प्रमुख होत्या. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि संप मिटवण्यात आयुष्य गेल्यामुळे चेहऱ्यावर कशाचंच काही नाही. रामदासनं त्यांना ठरल्याप्रमाणे खोटं दुखणं सांगितलं. नोकरी, हॉटेल, घरी सांगायची भीती. बाईंनी पहिला प्रश्न विचारला.

"हे हॉटेल डोक्यात कधीपासून आहे?"

"मागच्या शनिवारपासून," रामदास म्हणाला. तारीख खोटी सांगणं त्याच्या हातून होणारच नव्हतं.

आणि इथे बाई गप्प बसल्या. समोरच्या खड्ड्यांतून इमारती उठू लागल्या त्या इथे.

त्या शांततेत रामदास बोलायला लागला. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. तो सहा टेबलांवर बोलला, दोन रश्शांवर बोलला. बाबा गल्ल्यावर कसे बसतील, एखाद्या गिऱ्हाइकाचं तोंड बघून त्याला आज खिमा नको, तर्री कमी घ्या, असं कसं सांगतील, ते सांगितलं. आपण स्वतः मागे उभे राहू, पहिला घास आपण घेऊ, पास असेल तरच ताट बाहेर जाईल, आणि तिथे आपल्याला कुणी घाबरणार नाही, कारण चांगल्या रश्शासाठी घाबरावं लागत नाही, असंही म्हणाला. हे वाक्य कुठून आलं ते त्याला कळलं नाही. तुळई मोजली, थोडी खाली आहे, उंच माणसाला वाकावं लागेल, पण मागून धूर निघतो.

"आणि साहेबांनी मला कळवली ती डिलिव्हरी हेडची जागा?" बाईंनी विचारलं.

"ती आहेच."

"बरं."

त्या पुन्हा गप्प बसल्या. रामदासच्या लक्षात आलं, की जागेबद्दल सांगण्यासारखं आपल्याकडे आणखी काही नाही. तो चपापला आणि त्यानं खरं काय ते सांगून टाकलं.

"बाई, हे सगळं खोटं आहे. तुम्हाला तपासायला म्हणून रचलं होतं. तिघांनाही हेच सांगितलं."

मंदाकिनीबाईंना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. "बऱ्याच जणांचं असतं तसं," त्या म्हणाल्या. "मित्राची गोष्ट म्हणून स्वतःची सांगतात. तुम्ही उलटं केलंत. पण एक विचारू?"

"विचारा."

"खोट्या हॉटेलाची तुळई कशाला मोजलीत?"

रामदासचा हात खिशातल्या टेपवर गेला. पंचवीस वर्षं तो खोटे खातेदार उभे करत होता. त्यांतला एकही कधी उठून त्याच्या समोर येऊन बसला नव्हता.

"मी काय करू?" शेवटी त्यानं विचारलं.

"ते मी सांगत नाही. मला लावायचं असेल तर लावा, नसेल तर नका. लावलंत तर पद्धत अशी, की आधी तुम्ही, तुमचे साहेब आणि मी, तिघं बसतो. तुम्हाला काय हवंय ते साहेबांसमोर तुम्ही सांगायचं. मी तुमच्या वतीनं एक शब्द बोलणार नाही." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "आणि त्या खिडकीची कडी नीट लागत नाही. मघापासून हलतेय."

रामदास थक्क होऊन खिडकीकडे बघत राहिला. ती त्याच्या नजरेतून सुटली होती.

घरी प्रियदर्शनीनं सगळं ऐकलं. "हिलाच लावा," ती म्हणाली.

"का?"

"तुम्हाला बोलतं करणारी भेटली शेवटी."

"गप्प ती होती. बोलत मी होतो."

"तेच म्हणतेय मी. इतकं माझ्याशी कधी बोललात?" ती भाजी चिरत होती, ती थांबली. "आणि साहेबांसमोर नीट बोला. जागा हातातली आहे. हॉटेल खोटं आहे ना?"

"हो."

"मग झालं."

तिघांची बैठक पुढच्या आठवड्यात, त्याच मीटिंग रूममध्ये ठरली. रामदासनं बसमध्ये आपलं वाक्य पाठ केलं. 'टीममधल्या सहकाऱ्यांशी माझा संवाद अधिक चांगला व्हावा, हे माझं उद्दिष्ट आहे.' वारजे ते डेक्कन त्यानं ते म्हणून बघितलं. डेक्कनपासून पुढे त्याला त्यात काहीतरी घासतंय असं वाटायला लागलं. अमरावतीच्या पंख्यासारखं.

राकेश खुशीत होता. रामदासला त्रास नको म्हणून त्यानंच सुरुवात केली. "मॅडम, तसं मोठं काही नाहीये. रामदासचं काम परफेक्ट आहे. ही जागा त्याला मनापासून हवी आहे, वर्षानुवर्षं वाट बघतोय तो. फक्त लोकांशी थोडं सॉफ्ट व्हायचंय. एवढंच आपलं उद्दिष्ट. बरोबर ना, रामदास?"

फक्त हो म्हणायचं होतं. दोन दिवसांत पाटी लागली असती. प्रियदर्शनीची बहीण अभिनंदनाच्या फोनची वाट बघत होती. रामदासनं हो म्हणायला श्वास घेतला, आणि त्याच्या आतला माणूस, ज्यानं आजवर एकही चुकीची गोष्ट सही करून पुढे जाऊ दिली नव्हती, तो उठून उभा राहिला.

"नाही," रामदास म्हणाला.

"काय नाही?"

"हे वाक्य पास होत नाही. लोक मला घाबरतात हा भाग बरोबर आहे. तो मी तपासलाय. ते मीटिंगची रिहर्सल करतात. पण दुसरा भाग कुणीच तपासलेला नाही."

"दुसरा कुठला?"

"मला ही जागा हवी आहे, हा. तो सगळे धरून चालले. मीसुद्धा."

राकेशनं मंदाकिनीबाईंकडे बघितलं. बाई गप्प होत्या. त्या शांततेची राकेशला सवय नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर खिडकीबाहेरच्या इमारती भराभर चढत असाव्यात, असं त्याच्या चेहऱ्यावरून रामदासला वाटलं.

"रामदास, तू काय बोलतोयस? तुला जागा नकोय?"

"तसंही म्हणता येत नाही."

"मग हवंय काय?"

"तेच तपासायचंय."

"किती वेळ लागेल?"

"तपासायला किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही," रामदास म्हणाला. "इतकी वर्षं मी तुम्हाला हेच सांगतोय."

राकेशनं टाय सैल केला. मग तो म्हणाला, की त्याला वर कळवावं लागेल, दिवाळीच्या आत नाव द्यायचं आहे, आणि नक्की नसलेलं नाव तो देऊ शकत नाही. रामदास म्हणाला, हे अगदी बरोबर आहे, त्याच्या जागी असतो तर आपणही दिलं नसतं. मंदाकिनीबाई पिशवी घेऊन उठल्या. जाताना त्यांनी खिडकीची कडी हलवून बघितली. ती नीट बसवलेली होती.

घरी सांगितल्यावर प्रियदर्शनीनं बहिणीला लावत असलेला फोन खाली ठेवला. "खोट्या हॉटेलापायी खरी जागा सोडलीत?"

"सोडली नाही. हो म्हणालो नाही, एवढंच."

"अहो, हो म्हणायला काय जात होतं तुमचं?"

उत्तर तसबिरींखालच्या खुर्चीतून आलं.

"खराब मालावर सही करत नाहीत आपल्या घरी," नागोराव म्हणाले. ते सुनेकडे बघत नव्हते. ते मुलाकडे बघत होते, आणि त्या नजरेत फुली नव्हती. रामदासला आठवेना, तशी नजर पूर्वी कधी आली होती. तो इतका गोंधळला, की उठून त्यानं हॉलमधला पंखा तीनवर आणि चारवर लावून बघितला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात डिलिव्हरी हेडची जागा पूर्वाला मिळाली. तिनं कोच म्हणून मंदाकिनीबाईंना घेतलं. तपासून वगैरे नाही. रामदासला विचारलं, तो चांगल्या आहेत म्हणाला. रामदास टेस्टिंगमध्येच राहिला आणि तिथूनच निवृत्त झाला. हॉटेल निघालं नाही. वारज्याच्या चौकातल्या त्या गाळ्यात चष्म्याचं दुकान आहे.